लोकर भिजवायची न्हाई

साताऱ्याच्या बाईंनी बटवा कोमट पाण्यात बुडवला, साबणाचा हात फिरवला आणि पाणी लाल झालं.

एकदम झालं नाही. आधी एक दोरा सुटावा तसा रंग निघाला, मग चहूबाजूंनी निघाला, मग एनॅमलच्या तसराळ्याचा तळ दिसेनासा झाला. बटव्यावर पांढऱ्या लोकरीची तीन फुलं होती. बाईंनी बटवा वर काढला तेव्हा त्या फुलांचा रंग मटण धुतलेल्या पाण्यासारखा झाला होता.

“कागदात पहिलीच ओळ आहे,” बाई म्हणाल्या. “लाल लोकर विणण्याआधी मिठाच्या पाण्यात भिजवावी, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावी. तुम्हाला वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. पण कुणाकडून वाचून घेतलं नाहीत?”

अनसानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. ती रागानं बघत नव्हती — हे नीट ऐका — ती वाट बघत होती. आक्का आता पुढं येईल, कागदात काय लिहिलं होतं ते बाईंना सांगेल आणि घोटाळा मिटेल, अशी वाट.

मी पुढं झाले. म्हणाले, “मी वाचून दावलं हुतं, बाई. तिच्या ध्यानात ऱ्हायलं नसंल.”

वाचून दाखवलं नव्हतं. उलटं सांगितलं होतं. आणि जाणूनबुजून सांगितलं होतं.

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. देवापुढं बसले तरी तिथं पाऊसपाणी, जनावरं, पोराचं पोट असलंच बोलायची, हे नाही. आता ऐंशी उलटली. तुम्ही समोर बसला आहात असं धरते आणि सांगते. मधे थांबले तर थांबू द्या. मला लिहायची सवय राहिलेली नाही, आणि हे लिहायची तर कधीच नव्हती.

अनसा माझी धाकटी जाऊ. आमचं गाव कराडजवळच्या मलकापुराच्या पुढं कोसभर. घरचा ऊस, दोन बैलजोड्या, सासू, सासरे, दोन भाऊ. थोरल्याला — म्हणजे माझ्या नवऱ्याला — शेत, आणि धाकट्याला पलटण, अशी वाटणी बहुतेक घरांत असायची, आमच्यातही होती. लढाई सुरू झाली तसा दीर भरती झाला. अनसा सांगलीची. सतराव्या वर्षी आमच्यात आली, एकोणिसाव्या वर्षी तिला माली झाली, आणि माली रांगायला लागायच्या आत तार आली. तार इंग्रजीत. ती मला वाचता आली नाही, शाळेतल्या मास्तरांना बोलावलं. दीर ब्रह्मदेशाच्या बाजूला लढाईत पडला होता.

आता तुम्ही विचाराल — असल्या बाईचा हेवा कशाचा करायचा? कपाळ मोकळं, हात मोकळे, कडेवर पोर. माझा नवरा माझ्यासमोर जेवत होता. मग?

केला. खोटं कशाला सांगू? ती नवरी होऊन आली तेव्हापासून केला आणि ती विधवा झाली तेव्हाही थांबले नाही. उलट वाढला. लोक तिच्याकडं जास्त बघायला लागले, तिचं जास्त ऐकायला लागले. सासू तिच्या ताटात आधी वाढायची. मला चार वर्षं मूल नव्हतं, तिला दोन वर्षांतच झालं. आणि तिचे हात. तिचे हात माझ्यासारखेच शेण लावायचे, भाकरी थापायचे, पण सुई हातात आली की ते वेगळेच व्हायचे. माहेरी शेजारच्या मास्तरणीनं तिला विणायला शिकवलं होतं. एकदा एखादी वीण बघितली की तिला ती यायची. कशी यायची? विचारलं तर म्हणायची, “बोटांनला कळतंय, आक्का, मला न्हाई.” असलं उत्तर ऐकलं की माझ्या अंगाची आग व्हायची.

माझ्याकडं एकच गोष्ट होती. मी मराठी चौथी पास होते. आमच्या आळीत वाचता येणारी बाई मी एकटी. कुणाच्या घरी पत्र आलं की मला हाक. बायका पदर सावरून माझ्यापुढं बसायच्या, मी ओट्यावर. सासूसुद्धा त्या वेळेपुरती माझ्याशी मऊ बोलायची. ही माझी इभ्रत. दुसरी नव्हती.

लढाईवर गेलेल्यांच्या बायकांसाठी कराडात विणकामाचा वर्ग निघाला. पलटणीसाठी मोजे, गळपट्टे, कानटोप्या विणायच्या. अनसाला मामंजींनी — सासऱ्यांनी — पाठवायचं ठरवलं. तरण्या विधवेनं एकटीनं दोन कोस चालत जायचं नाही, म्हणून सोबतीला मी. मीही सुया घेऊन बसायची. माझं विणकाम घट्ट यायचं, ताठ. एकदा मी अर्धा गळपट्टा घरी आणला, तर आत्याबाईंनी — सासूनं — तो हातात घेऊन वाकवून बघितला आणि म्हणाल्या, “थोरले, ह्यो गळ्यात घालायचा, का बैलाच्या पाठीवर टाकायचा?” सगळे हसले. अनसाही हसली. लगेच तोंड फिरवलं तिनं, पण हसली. मी ते विसरले नाही. बघा, अजून लिहितेय.

वर्गातून अनसाचं नाव साताऱ्याला गेलं. तिथं अशा बायकांना शिकवायला एक बाई कायमची ठेवायची होती. विधवा असेल तर आधी तिला. राहायला खोली, मुलाला शाळा. आणि वाचता येत नसलं तरी चालेल, तिथं अक्षरं शिकवून घेऊ, असं कराडच्या वर्गातल्या बाई घरी येऊन मामंजींना सांगून गेल्या. निवड कशी करायची, तर जिल्ह्यातल्या नऊ बायकांना सारखं सामान पाठवायचं — लोकर, चाप आणि एक कागद. कागदाप्रमाणं बटवा करून साताऱ्याला घेऊन यायचं.

मामंजी खूश. “पोर शिकंल, तिची पोर शिकंल,” म्हणाले. आत्याबाईंचा जीव खालीवर होत होता, पण त्याही म्हणाल्या, “जाऊ दे. हितं हाय काय तिच्या वाट्याला?”

आणि मी? मी चौथी शिकलेली, पत्रं वाचणारी — मी इथं शेणाच्या पाट्या वाहणार, आणि जिला ‘अ’ कसा काढतात ते ठाऊक नाही ती साताऱ्यात बाई म्हणून खुर्चीवर बसणार? सासूच्या हाताखालून सुटणार? स्वतःच्या खोलीला आतून कडी लावणार? आणि वर अक्षरंही शिकणार? मग माझं काय उरलं? रात्रंदिवस हेच. पीठ मळताना हेच, वैरण कापताना हेच.

पुडकं आलं. आत लाल लोकरीच्या दोन लड्या, पांढरीची एक छोटी, दुहेरी घडी घातलेला छापील कागद, आणि चाप. हा बटवा आपल्या नाडीच्या बटव्यासारखा नव्हता. तोंडाला लोखंडी चाप, वर मुलामा दिलेला, अर्ध्या बांगडीसारख्या दोन कमानी, कडेला बिजागरी. वर दोन मणी — ते एकमेकांवरून सरकले की टक्कन बंद. अनसानं तो किती वेळा उघडबंद केला असेल! टक्, टक्. माली हात मारायला बघायची. मी भाकऱ्या करत होते आणि तो आवाज माझ्या कपाळात बसत होता.

दुपारी सोप्यात बसून मी कागद वाचून दाखवायला घेतला. पहिली ओळ माझ्या डोळ्यांपुढं होती. लाल लोकरीची. मिठाच्या पाण्याची. ती मी अजून वाचली नव्हती, तोच अनसा लोकर हातात चोळत म्हणाली, “आक्का, लालीचा रंग जातुया बगा. माजं लग्नातलं लुगडं दोन वर्सं पाणी लाल करत हुतं. ही आदी भिजवाय पायजे का? कागदात काय म्हणत्यात?”

तिला ठाऊक होतं. समजतंय का तुम्हाला? तिच्या हातांना ठाऊक होतं, तिनं तोंडानं विचारलं. मी नुसती ओळ वाचली असती तर झालं असतं. गप्प बसले असते तरी तिनं तिच्या मनानं भिजवली असती.

मी कागदावर बोट ठेवलं. त्याच ओळीवर. आणि म्हणाले, “गिरणीची लोकर हाय. पक्का रंग. भिजवायची न्हाई म्हणून लिवलंय.”

“व्हय?” ती म्हणाली. एकदा लोकरीकडं बघितलं, एकदा कागदाकडं. “छापलेलं हाय तर खरंच आसंल.” आणि लड बाजूला ठेवली.

बाकीचा कागद मी नीट वाचला. एकही शब्द चुकवला नाही. किती टाके घालायचे, कुठून कमी करायचे, अस्तर कसं लावायचं. असं का केलं? बाकीचा सगळा कागद खरा असला म्हणजे एक खोटी ओळही खरी वाटते, म्हणून. हे मला शिकवलं कुणी? कुणी नाही. तो माझा स्वतःचा शहाणपणा.

मग पंधरा दिवस मी तिला विणताना बघितलं. जेवणं उरकली, माली झोळीत झोपली, की ती खांबाला टेकून बसायची. खालच्या गोलाईपासून सुरुवात, दर ओळीला टाके वाढवत वर यायचं. लाल विणत असताना पांढरा दोरा मागून सैल न्यायचा. ताणला तर फूल आक्रसतं, फार सैल सोडला तर आत बोट अडकतं. तिचा दोरा बरोबर असायचा. मी मुद्दाम उलटं करून बघायची, कुठं लोंबतंय का. नसायचं.

चाप शिवायचं काम सगळ्यांत अवघड. कमानीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी भोकं, आणि भोकांपेक्षा टाके जास्त. ते सारखे वाटून बसवायचे. तिनं दोऱ्याला मेण लावलं, बटव्याच्या तोंडाचा मधला टाका शोधून तिथं पांढऱ्या धाग्याची खूण केली, ती कमानीच्या मधल्या भोकाशी बांधली आणि मधून कडेकडं शिवत गेली. बिजागरीपाशी दोन बोटं जागा मोकळी सोडायची, नाहीतर बटवा पुरता उघडत नाही. पहिल्यांदा तिनं दीडच बोट सोडली. उघडून बघितलं, नाक मुरडलं, सगळं उसवलं. दुसऱ्यांदा एका बाजूला सुरकुती आली, तेही उसवलं. तिसऱ्यांदा असा बसला की चाप आणि वीण एकाच आईच्या पोटातून आल्यासारखी दिसली.

मला असा बटवा सात जन्मांत जमला नसता. हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून तर.

चाप बसवायच्या आधी एकदा तिनं हात पुढं केले. उन्हाळा, घामेजलेली बोटं, टोकं लाल झालेली. “आक्का, रंग लागतुया की वो हाताला.”

दुसरी संधी होती ही. देवानं दिली म्हणा, कुणीही दिली म्हणा. तेव्हा नुसती लोकरच विणून झाली होती, वेळ होता, साताऱ्याहून थोडी मागवता आली असती. मी तिच्या बोटांकडं बघितलं आणि म्हणाले, “नव्या लोकरीचं तसंच असतंय. कागदात लिवलंय तसं कर, सवताचं डोकं चालवू नगंस.”

ती “बरं” म्हणाली.

साताऱ्याला कराडहून सकाळच्या मोटारीनं गेलो. ती मालीला घेऊन खिडकीशी, मी बाजूला. बटवा तिनं धुतलेल्या फडक्यात गुंडाळून पोटाशी धरला होता. वाटेत तिनं मला खोलीचं सांगितलं. खिडकी असंल का, असली तर मोरीकडं असंल का रस्त्याकडं. “तुमी येशीला न्हवं ऱ्हायाला, आक्का? सणाला?” मी हूं म्हणाले. मी तेव्हाही बोलू शकले असते. उंब्रजला गाडी बराच वेळ थांबली होती.

पुढचं तुम्हाला सांगितलं. साताऱ्याच्या बाईंनी नऊही बटवे धुतले. विकायची वस्तू धुऊन टिकली पाहिजे, म्हणाल्या. आठांचं पाणी जेमतेम गढूळ झालं. अनसाचा बटवा नऊ बटव्यांत सगळ्यांत देखणा होता. बाईंनीच पाण्यात घालण्याआधी तो उलटसुलट करून सगळ्यांना दाखवला होता. मग पाणी लाल झालं, मग माझं वाक्य. मग बाई म्हणाल्या, “हात चांगला आहे हो. पण सांगितलेलं ध्यानात राहत नसेल तर दुसऱ्यांना काय शिकवणार?” आणि औंधकडच्या एका बाईचं नाव वहीत लिहिलं.

अनसा माझ्या वाक्यावर काही बोलली नाही. ‘खोटं बोलताय आक्का’ असं म्हणाली असती तर मी काय केलं असतं? भांडले असते. मला वाटतं मी भांडणाच्या तयारीनंच उभी होते. पण तिनं ओला बटवा फडक्यात गुंडाळला, मालीला उचललं, चालू लागली.

परतीच्या मोटारीत ती माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता. पण ती म्हणाली, “आक्का, तुमी वाचला हुतासा?”

“व्हय.”

“मग माज्या ध्यानात कसं ऱ्हायलं न्हाई वो?” आणि मग, “हे गेल्यापासनं माजं डोकंच ठिकाण्यावर न्हाई. मला तर वाटतंय तुमी भिजवायची न्हाई म्हनलासा. डोळ्यांपुढं दिसतंय मला तुमचं बोट कागदावर. आसं कसं दिसतंय?”

तिनं माझ्यावर संशय घेतला नाही. स्वतःच्या डोक्यावर घेतला.

घरी आल्यावर मी कागद पाणी तापवायच्या चुलीत घातला. सकाळी, सगळ्यांच्या समोर. कुणी विचारलंही नाही.

त्यानंतर अनसा बदलली. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची. “मीठ घातलं का मी?” “म्हशीला पाणी दावलं का मी?” घातलेलं असायचं, दावलेलं असायचं. मग पुन्हा जाऊन आमटी चाखून बघायची. आत्याबाई म्हणू लागल्या, “पोरीवर परिणाम झालाय.” आळीत तेच झालं. मालीला तिच्याजवळ एकटी ठेवायला आत्याबाई भ्यायला लागल्या. विणायच्या सुया तिनं आढ्याला खोचल्या त्या खोचल्याच. मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं की नाही? माणूस वेडं नाही हे ठाऊक असणारी त्या घरात मी एकटी होते. लोक तिला वेडी म्हणत होते आणि मी ताक घुसळत होते.

वर्षभरानं तिचा भाऊ आला आणि तिला नि मालीला सांगलीला घेऊन गेला. तो हळदीच्या वखारीत कामाला होता. तिलाही तिथंच लावलं. हळकुंडं निवडायची — बारीक वेगळं, जाड वेगळं, किडकं वेगळं. दिवसभर मांडी घालून. ती गेली त्या दिवशी मला काय वाटलं, तेही सांगते. हलकं वाटलं. रात्री पोटभर जेवले.

इथं हे संपलं असतं तर मी कदाचित कुणाला तरी सांगून मोकळी झाले असते. जावाजावांतला हेवा, घरोघरी असतो, लोक ऐकून घेतात. पण संपलं नाही.

बारा-तेरा वर्षांनी मी सांगलीला गेले. मुलगा झाला होता मला तोवर, त्याच्या डोळ्यांना दाखवायला गेलो होतो. नवरा म्हणाला, अनसाला भेटून ये, बरं दिसत नाही. गेले वखारीत. नाकात हळद, पायाखाली हळद. पंचवीसेक बायका ओळीनं बसलेल्या, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे. अनसा तिसरी. मला बघून तिनं पदर सारखा केला, बसायला गोणपाट सरकवलं. पोराला जवळ घेतलं, “आक्काचं नाक आलंय रं तुला,” म्हणाली. आत्याबाईंचं विचारलं, म्हशीचं विचारलं. वेडी बाई असं बोलते? पार शहाणी होती ती.

मी म्हटलं, “माली कशी हाय?”

“साळंत जाती. सातवीत. लय वाचती.” हळकुंडं निवडतच होती ती. हात थांबले नाहीत, मान वर झाली नाही. “त्येंची पत्रं वाचून दावली तिनं मला. समदी. पयल्यापासनं.”

एवढंच. शेजारची बाई तिला काही म्हणाली, तिला तिनं उत्तर दिलं. मला चहा मागवला. मी तो प्यायले.

आता हे राहिलेलं सांगते. हे आधीच सांगायला हवं होतं, पण मला बटव्याकडून यायचं होतं, इकडून यायचा धीर नव्हता.

दिराची पत्रं मी वाचायची. तो घरातल्या सगळ्यांना मिळून एकच पत्र लिहायचा, वडिलांच्या नावे. शेवटी दोन-चार ओळी असायच्या — ‘मालीच्या आईस सांगणे.’ पहिलं पत्र मी पुरं वाचलं. तिनं पाठवलेला गळपट्टा तो कुणाला हात लावू देत नाही, असं त्यात होतं. वाचून झालं तेव्हा अनसा स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती, आणि तिचं तोंड मी बघितलं. माझ्या नवऱ्यानं मला जन्मात असलं काही म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच काय, मी समोरच होते. दुसऱ्या पत्रापासून मी त्या ओळी गाळल्या. शेवटून दुसऱ्या परिच्छेदावरून उडी मारून थेट ‘बाकी सर्व क्षेम’. कुणाला कळणार? उत्तरंही मीच लिहायची. तिचं म्हणून काही लिहायची नाही, कारण तिला विचारलेलं काही तिच्यापर्यंत जातच नव्हतं.

त्यानं विचारलं होतं, मुलीचे डोळे कुणासारखे आहेत. त्यानं विचारलं होतं, तू स्वतःच्या तोंडचं एक वाक्य वहिनीकडून का लिहवून घेत नाहीस. शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, ‘मालीच्या आईस सांगणे की ती रागावली असल्यास कारण कळवावे. मी पाच महिने वाट पाहत आहे.’ त्यावर मी लिहिलं होतं की ऊस चांगला आहे आणि तांबडी गाय व्यायली.

त्यानंतर तार आली.

पत्रं मामंजी डब्यात घालून उशाशी ठेवायचे. मला जाळता आली नाहीत. अनसा सांगलीला निघाली तेव्हा त्यांनी तो डबा तिच्या हातात दिला.

आता कळलं का? साताऱ्यात तिला अक्षरं शिकवणार होते. अक्षरं आल्यावर तिनं सगळ्यांत आधी काय वाचलं असतं? हेवा तर होताच, तो मी लपवत नाही, पण मिठाच्या पाण्याच्या ओळीवर बोट ठेवताना मी नुसत्या हेव्यानं खोटं बोलले नाही. मी भ्याले होते. एक चोरी झाकायला मी दुसरी केली आणि दुसरी झाकायला भरल्या खोलीत तिला विसराळू ठरवलं.

वखारीतून निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. पोराच्या हातात काहीतरी खाऊ दिला. मला वाकून नमस्कार केला, थोरली जाऊ म्हणून, रीतीप्रमाणं. मी आशीर्वाद काय दिला ते आठवत नाही. काहीतरी दिलाच असणार.

ती पुढंही बोलली नाही. मालीच्या लग्नाला बोलावलं, गेले, मानाचं लुगडं दिलं तिनं मला. मी घेतलं. आत्याबाई मरेपर्यंत अनसाला अर्धवट समजत राहिल्या. नवरा गेला, त्यालाही ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं नाही आणि मी सांगितलं नाही. ती का बोलली नाही, मला माहीत नाही. क्षमा केली असं मी धरत नाही.

अनसा सांगलीतच वारली. वखारीत तिनं तेवीस वर्षं काम केलं. हे जिनं सोसलं ती माझी धाकटी जाऊ. बटवा विणला तेव्हा तिला विसावं वर्ष चालू होतं.